ज्या टेस्टला निगेटिव्ह यायचंच नव्हतं

“मॅडम, हे कमी का होत नाहीये?”

काउंटरवर एका बाईने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून दहा रिपोर्ट काढले आणि तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडले. सगळे आमच्याच लॅबचे. पहिल्या आठांवरून तिचं बोट भराभर खाली सरकलं आणि नवव्यावर थांबलं. “इथपर्यंत एकशे चाळीस, एकशे पन्नास असं चाललेलं. मग एकदम सहाशे अठरा. आणि आज सहाशे तीस. मी सगळं टाइमवर घेते, मॅडम. एक गोळी चुकवलेली नाही.”

एवढं बोलून तिने काउंटरची कडा धरली. आमची लॅब उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. जिना चढून तिला दहा मिनिटं झाली होती, तरी धाप गेली नव्हती. वय रिपोर्टवर छापलेलं होतं, एकतीस. मी तिला आत नेऊन माझ्या खुर्चीत बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. ती बाटलीला तोंड न लावता वरून पाणी प्यायली. तरीही परत देताना तिने बाटलीचं तोंड रुमालाने दोनदा पुसलं.

मी या लॅबची टेक्निकल इनचार्ज. मायक्रोबायॉलॉजी शिकले आणि सव्वीस वर्षं इथेच आहे. इनचार्ज म्हणजे मशीन बिघडलं, सॅम्पल सांडलं, रिपोर्ट चुकला की बोलणी खायचा मान माझा. मी तापट आहे असं स्टाफ म्हणतो. माझ्या पाठीमागे म्हणतो, पण आमची लॅब काही फार मोठी नाही.

त्या बाईचं नाव सुजाता. राहणार अंबरनाथची, एमआयडीसीला लागून असलेल्या मोरिवली गावातली. नवरा संदीप तिथल्याच एका कारखान्यात मशीन ऑपरेटर. घरात सासू आणि चार वर्षांची मुलगी दुर्वा. सुजाता बालवाडीत शिकवायची. वर्षभरापूर्वी तिला ताप आला, घसा धरला, मानेत गाठी आल्या. तीन आठवडे ती अंथरुणात होती. ताप गेला, गाठी गेल्या, पण अंगातली ताकद काही परत आली नाही. पोळ्या लाटता लाटता मध्येच खाली बसावं लागायचं. केस विंचरून झाले की हात भरून यायचे.

त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी तेव्हा ईबीव्ही नावाच्या व्हायरसची टेस्ट करायला सांगितली होती. ती योग्यच होती आणि पॉझिटिव्ह आली. त्यानंतर हा व्हायरस अंगात मुरून बसलाय का, हे बघायला दर महिन्याला तीच टेस्ट सुरू झाली. डॉक्टरांनी व्हायरसवरची गोळी दिली. सहाशेचा आकडा दिसल्यावर ती दुप्पट केली.

“निगेटिव्ह कधी येईल, मॅडम? अंदाजे सांगा.”

“एवढी घाई कसली?”

“रिपोर्ट निगेटिव्ह आला की दुर्वाला घरी आणायचं ठरलंय. ती माझ्या आईकडे आहे, कात्रपला. हा व्हायरस थुंकीतून पसरतो ना. म्हणून माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. दहा महिने झाले. शनिवारी मी आईच्या बिल्डिंगखाली जाते आणि ती बाल्कनीतून हात करते. आधी रडायची. आता नाही रडत.”

शेवटचं वाक्य बोलताना तिने फोल्डरचं बटण लावलं आणि परत उघडलं. तिला जे माहीत नव्हतं ते मला पक्कं माहीत होतं. ती ज्या टेस्टच्या निगेटिव्हची वाट बघत होती, ती टेस्ट तिच्या उभ्या आयुष्यात कधीच निगेटिव्ह येणार नव्हती.

आता हे सोपं करून सांगते. आपल्या शरीरात एखादा व्हायरस शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. आम्ही रक्तात मोजतो त्या या अँटीबॉडी, व्हायरस नव्हे. त्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. आयजीएम म्हणजे भांडण आत्ता चालू आहे. आयजीजी म्हणजे भांडण कधीतरी झालं होतं आणि शरीराला ते आठवतंय. आयजीएम काही महिन्यांत जातं. आयजीजी बहुधा जन्मभर राहतं. ईबीव्ही तर इतका साधा आणि सगळीकडे असणारा व्हायरस आहे, की आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांना तो लहानपणीच कधीतरी सर्दीतापासारखा होऊन गेलेला असतो. त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

सुजाताचं आयजीएम पहिल्याच महिन्यात पॉझिटिव्ह होतं आणि तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह झालं होतं. भांडण संपलं होतं. पुढे दर महिन्याला ती फक्त आयजीजी करत होती.

मग आकडा एकशे पन्नासवरून सहाशेवर का गेला? याचं उत्तर माझ्या पाठीमागेच उभं होतं, पांढरं आणि चकचकीत. दोन महिन्यांपूर्वी आम्ही नवीन मशीन घेतलं होतं. नवीन मशीन, नवीन किट आणि किटची युनिट वेगळी. टेलरने इंचाची टेप टाकून सेंटिमीटरची घेतली म्हणून कोणी जाड होत नाही. पण आम्ही हे रिपोर्टवर कुठेही लिहिलं नव्हतं. नुसता आकडा, जाड अक्षरात पॉझिटिव्ह आणि वर जाणारा बाण.

आणि यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. पूर्वी आमच्या रिपोर्टच्या खाली चार ओळींची टीप असायची. “आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी संसर्ग होऊन गेला आहे. हा निकाल सध्याचा आजार दाखवत नाही. ही टेस्ट पुन्हा पुन्हा करण्याची गरज नाही.” वर्षभरापूर्वी नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा प्रत्येक रिपोर्ट एका पानात बसवायचा असं ठरलं. टीप दुसऱ्या पानावर जात होती. ती काढून टाकायची क्लिक मी केली होती. मीच, या हाताने. ‘डॉक्टरांना हे माहीतच असतं’ असं मनात म्हणून.

मी सुजाताला तेव्हा यातलं थोडंसंच सांगितलं. मशीन बदलल्यामुळे आकडा वेगळा दिसतोय, आजार वाढलेला नाही, चार दिवसांत फोन करते. ती हो म्हणाली. पण तिचा विश्वास बसलेला नव्हता. एकीकडे तोंडी सांगणं आणि दुसरीकडे जाड टाइपातलं छापील, यात माणूस छापील धरतो.

तिला रिक्षात बसवून आले आणि सरळ लालवानी सरांच्या केबिनमध्ये घुसले. ते आमचे पॅथॉलॉजिस्ट आणि लॅबचे मालक. उल्हासनगरचेच सिंधी, मराठी उत्तम समजतं, पण वाद घालायचा असला की हिंदीवर येतात.

मी दहाही रिपोर्टच्या कॉपी टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं.

“देखो कर्णिकजी,” ते म्हणाले, “पेशंटला काय सांगायचं ते डॉक्टर बघणार. लॅब इलाज नहीं करती.”

“इलाज नाही सांगत, सर. आपण छापलेल्या कागदाचा अर्थ सांगतेय.”

“डॉक्टर को बुरा लगेगा.”

“लागू दे. एक बाई दहा महिने आपल्या पोरीला हात लावत नाहीये. आपल्या कागदामुळे.”

ते चष्मा काढून पुसायला लागले. सर वाईट माणूस नाही. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. लॅबवाले डॉक्टरच्या डोक्यावर बसून सल्ले द्यायला लागले तर पेशंटचे हाल कुत्रा खाणार नाही. पण इथे आम्ही गप्प बसून काही शहाणपणा केला नव्हता. आम्ही अर्धवट कागद दिला होता.

“टीप किसने निकाली?” त्यांनी विचारलं.

“मी.”

त्यांनी चष्मा परत घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “ठीक है. टीप आजच परत टाका. डॉक्टरशी मी बोलतो.”

ते बोललेही, माझ्यासमोर, स्पीकर लावून. डॉक्टर पेशंटच्या गर्दीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला. “मान्य, आयजीजी जुनं असेल. पण पेशंट दमतेय हे खरं आहे ना? हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, कावीळ, सगळं मी करून बसलोय. सगळं नॉर्मल. मग मी तिला काय सांगू, तुझ्या मनाचे खेळ आहेत?”

मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. त्याच्याकडे पेशंटला द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो त्या आकड्याला धरून बसला होता.

“मग खरा व्हायरसच शोधू या,” मी मध्ये तोंड घातलं. “पीसीआर पाठवते.”

पीसीआर हा शब्द आता सगळ्यांना माहीत झाला आहे. त्यात अँटीबॉडी नाही, प्रत्यक्ष व्हायरसचा अंश शोधतात. ईबीव्ही रक्तात पुन्हा उसळला असेल तर त्यात सापडतो. ही टेस्ट आमच्याकडे होत नाही, मुंबईच्या मोठ्या लॅबला जाते. डॉक्टर तयार झाले. दुसऱ्या दिवशी सुजाताचं सॅम्पल मी स्वतः घेतलं, स्वतः पॅक केलं आणि कुरियरवाल्याला इतक्या सूचना दिल्या की तो म्हणाला, “मॅडम, मैं बॉक्स के साथ ही सो जाऊँ क्या?”

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. व्हायरस सापडला नाही.

मी इतक्या खुशीत सुजाताला फोन केला की माझा मलाच आवाज मोठा वाटला. ती “बरं, मॅडम” म्हणाली. आणि संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला.

“मॅडम, मी संदीप. तो रिपोर्ट बघितला. मला पटलं. पण आई ऐकत नाही.”

“काय म्हणतात?”

“ती बोलते, एका कागदावर नाही लिहिलंय, दुसऱ्यावर पॉझिटिव्ह लिहिलंय. पॉझिटिव्हवाला खोटा आहे काय? मॅडम, तुम्हाला सांगतो, आई वाईट नाहीये. माझे वडील टीबीने गेले. मी आणि ताई तेव्हा एवढेसे होतो. आईने त्यांचं ताट, वाटी, अंथरूण सगळं वेगळं ठेवलं आणि आम्हाला काही झालं नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात फिट बसलंय.”

“आणि तुम्ही?”

“मला पण भीती वाटते, मॅडम. दुर्वाला काही झालं तर. सुजाता स्वतःच बोलते, निगेटिव्ह येऊ दे, मग आणू.”

फोन ठेवला आणि मला जाम राग आला. सासूवर नाही. त्या बाईने टीबीच्या घरात दोन पोरं वाचवली होती, तिला शहाणपण शिकवणारी मी कोण? राग माझा माझ्यावर होता. तिला समजेल असं काहीतरी दाखवायला हवं होतं आणि मी तिला आणखी एक कागद पाठवून मोकळी झाले होते.

नवीन मशीन आलं की त्यावर निरोगी माणसांची सॅम्पल चालवून आकडे तपासायचे असतात. आम्ही बाकीच्या टेस्टसाठी ते केलं होतं, ईबीव्हीसाठी किटवाल्यांच्या कागदावर भागवलं होतं. ते काम मी आता काढलं. ज्यांची तयारी होती अशा आठ जणांचं रक्त घेतलं, माझ्यासकट. रिसेप्शन, अकाउंट्स, झाडूवाल्या मावशी, आणि लालवानी सर. सगळे ठणठणीत. आयजीजी आठपैकी सात जणांचं पॉझिटिव्ह आलं.

मी प्रत्येकाला त्याचा त्याचा आकडा सांगितला. सरांचा सगळ्यात मोठा होता.

“मेरा?” ते उठूनच उभे राहिले. “मला कधी झाला?”

“लहानपणी, सर. बहुतेक लहानपणीच होतो.”

ते हसायला लागले. “कॅम्प पाचला निर्वासितांच्या बॅरेकमध्ये आम्ही सात भावंडं. एक ही थाली में खाते थे. ज्याचा हात जोरात, त्याचं पोट भरायचं. व्हायरस बिचारा कुठे जाणार?” मग गंभीर होऊन म्हणाले, “कर्णिकजी, उस घर में किसी का टेस्ट किया है? त्या बाईशिवाय?”

माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं. फक्त सरांनी ते बोलून दाखवलं.

रविवारी सकाळी मी किट घेऊन मोरिवलीला गेले. मी अंबरनाथलाच राहते, रिक्षाने पंधरा मिनिटं. घर जुनं पण नीटनेटकं, पुढे ओटा, मागे कारखान्याची भिंत. ओट्यावर सुजाता बसली होती. तिच्या बाजूच्या खिडकीत एक स्टीलचं ताट पालथं ठेवलेलं होतं. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. तिच्या तांब्यालाही तसाच ठिपका. तो कशासाठी हे विचारायची गरज पडली नाही.

सासूबाईंचं नाव यमुनाबाई. साठीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

“तुमी आल्या बरा झाला. पन मना समजावाया आल्या असाल तं चहा घ्या आन जा. मना समदं समजतं.”

“समजवायला नाही आले, यमुनाबाई. रक्त घ्यायला आलेय.”

“हिचं परत?”

“हिचं नाही. तुमचं. आणि संदीपचं.”

त्या हसल्या. “माझं? मना काय झालाय? मी धडधाकट हाय. सकाली पाचला उठतंय.”

“म्हणूनच. धडधाकट माणसाचं रक्त पाहिजे, हिच्याशी ताडून बघायला. नको असेल तर नका देऊ, जबरदस्ती नाही. आणि रिपोर्ट फक्त तुमच्या हातात देईन. कुणाला दाखवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.”

त्यांनी लगेच दंड पुढे केला. “घ्या. दाखवाया काय, मी सगल्या गावाला दाखवीन.”

संदीपनेही दिलं. सुजाता हे सगळं बघत होती. निघताना तिने दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, “मॅडम, त्यांचं निगेटिव्ह आलं तर?”

आठात एक निगेटिव्ह आमच्याकडेच निघालं होतं. यमुनाबाईंचं तसं आलं असतं, तर ती दोन ताटं मीच कायमची वेगळी करून ठेवली असती. पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. “आलं तर आलं,” मी म्हटलं. “मग दुसरं काहीतरी शोधू. मी काही सोडत नाही.”

सोमवारी ती दोन सॅम्पल मी दोनदा चालवली. मंगळवारी दुपारी दोन पाकिटं घेऊन मोरिवलीला गेले. संदीपची पहिली पाळी संपली होती. तो घरी होता.

यमुनाबाईंनी पाकीट घेतलं, उलटसुलट केलं आणि मुलाकडे दिलं. “वाच. मोठ्यानं वाच.”

“आधी एकट्याने बघू दे त्याला,” मी म्हटलं.

“कशाला? माझा काय चोरीचा माल हाय?”

संदीपने कागद उघडला. त्याने वाचलं, पण मनातल्या मनात. मग माझ्याकडे बघितलं.

“वाच ना!”

“पॉझिटिव्ह आहे, आई. आठशे बेचाळीस.”

“कोनाचा?”

“तुझा.”

“आन हिचं किती व्हतं?”

“सहाशे तीस.”

यमुनाबाई ओट्यावर बसल्या. संदीपने स्वतःचं पाकीट फाडलं. तोही पॉझिटिव्ह, चारशेच्या घरात.

“मी कवा आजारी पडली?” त्या मला म्हणाल्या. “खोटा हाय ह्यो.”

“खोटा नाही. तुमचा दंड दाखवा. डावा.”

त्यांनी बाही वर केली. त्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर असतो तसा देवीच्या लशीचा गोल व्रण होता.

“हे काय आहे?”

“देवीचं टोचलंवतं. शालंत.”

“म्हणजे तुम्हाला आत्ता देवी आल्यात का?”

“नाय.”

“औषधाने हा व्रण पुसला जाईल?”

“आता कसला पुसतो? मरंपरेंत ऱ्हायाचा.”

“एखादीचा व्रण मोठा असला, एखादीचा लहान. मोठा व्रण असलेलीला जास्त देवी झाल्या असं म्हणाल का तुम्ही?”

त्या बोटाने व्रण चाचपत राहिल्या.

“तुमच्या कागदावरचा आकडा म्हणजे हा व्रण आहे. सुजाताचाही तोच. माझ्याही कागदावर आहे, मी परवाच बघितला. मुंबईच्या रिपोर्टमध्ये खरा व्हायरस शोधला होता. तो तिच्या रक्तात मिळाला नाही.”

यमुनाबाईंनी खिडकीतल्या त्या पालथ्या ताटाकडे बघितलं. मग सुजाताकडे.

“मंग माझं ताट कुठं ठेवायचं?” त्या म्हणाल्या.

संदीप खाली बघत होता. सुजाताने पदर तोंडाला लावला.

“पोरगी जाईतो माझे हातचा खात व्हती,” यमुनाबाई म्हणाल्या, जणू स्वतःशीच. “रोज भरवीत व्हती मी तिला. माझे ताटातला.” मग त्यांचा आवाज एकदम चढला. “दहा म्हयने ह्यो कागद कोन छापीत व्हता?”

“मी,” मी म्हटलं.

“मंग आदी का नाय सांगितलं?”

माझ्याकडे उत्तरं होती. सॉफ्टवेअर, एका पानाचा नियम, डॉक्टरांना माहीत असतं, लॅब इलाज करत नाही. त्यातलं एकही त्या ओट्यावर बोलण्यासारखं नव्हतं.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “त्या कागदावर खाली चार ओळी असायच्या. त्या मी काढल्या होत्या.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या उठल्या, घरात गेल्या आणि चपला घेऊन बाहेर आल्या. चपला त्यांनी संदीपपुढे टाकल्या.

“जा. पोरीला आन. आत्ता जा, उद्या नाय.” मग सुजाताकडे वळल्या. “तू बस. तू दमशील.”

“मी जाणार,” सुजाता म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा एवढा ठाम आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “दमले तर दमले. मीच आणणार तिला.”

मी कोपऱ्यावरून रिक्षा बोलावली. संदीपने तिला हात धरून बसवलं. रिक्षावाला म्हणाला, “कुठे?” आणि संदीपच्या आधी तीच म्हणाली, “कात्रप.”

मी त्यांच्याबरोबर गेले नाही, ते माझं काम नव्हतं. पुढे काय झालं ते संदीपने नंतर सांगितलं. दुर्वा खाली आली, आईपासून तीन पावलांवर थांबली आणि तिने विचारलं, “निगेटिव्ह झाली का तू?” चार वर्षांच्या पोरीच्या तोंडी हा शब्द आम्ही घातला होता. सुजाता रस्त्यावरच खाली बसली आणि म्हणाली, “नाही झाले. तरी ये.”

आता राहिलेली गोष्ट. सुजाताचा थकवा त्या दिवशी गेला नाही. आजही पूर्ण गेलेला नाही. व्हायरस शांत झाला तरी काही माणसांना असा थकवा महिनोन्महिने राहतो, आणि तो खरा असतो. तो दाखवील अशी टेस्ट माझ्या मशीनमध्ये नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणूस नॉर्मल झाला असं नव्हे, हे मला लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढूनही त्या वर्षी नीट कळलं. डॉक्टरांनी व्हायरसची गोळी बंद केली आणि तिला कल्याणच्या एका मोठ्या फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी दिवसाची कामं तुकड्यांत करायला शिकवलं. दमायच्या आधी बसायचं, दमल्यावर नाही. जिद्दीने ओढत न्यायचं नाही. सुजाताला हे औषधापेक्षा कडू लागलं, पण ती करते. आठवड्यातून दोन दिवस ती बालवाडीत जाते. उरलेले दिवस घरात यमुनाबाईंचा कडक पहारा असतो.

लॅबमध्ये टीप परत आली. युनिट बदलल्याची ओळ आली. टीप काढल्यापासून ज्यांना आयजीजीचे रिपोर्ट दिले त्या सगळ्यांची यादी काढली, साठेक नावं निघाली. प्रत्येकाला नवीन रिपोर्ट पाठवला आणि फोन मी स्वतः केले. बरेच जण म्हणाले, “आम्ही तर तो कागद विसरूनही गेलो.” तिघे जण विसरले नव्हते. त्यातला एक माणूस वर्षभर बायकोच्या खोलीत झोपत नव्हता. त्याच्याशी बोलायला मी सरांना बसवलं.

आता काउंटरवर कोणी ‘व्हायरस अंगात मुरलाय का बघायचंय’ म्हणत दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा तीच टेस्ट घेऊन आलं, की स्टाफ मला हाक मारतो. मी दोन प्रश्न विचारते. पॉझिटिव्ह आली तर घरी काय बदलणार? आणि निगेटिव्ह आली तर? लोकांना राग येतो. काही जण दुसऱ्या लॅबला जातात. जाऊ देत. उत्तर मिळेपर्यंत माझी सुई पाकिटातून बाहेर येत नाही.